विरळनियम

धंतोलीतली ती प्रयोगशाळा घड्याळवाल्याच्या दुकानाएवढीच होती. दोन टेबलं, सोल्डरिंगचा वास आणि भिंतीवर नागपुरातल्या साऱ्या बस-मेट्रो मार्गांचा एक भलामोठा नकाशा. ज्या वस्तूवर तिथे काम चाललं होतं, ती वस्तू नकाशाची गरजच संपवण्यासाठी होती. तरीही तो नकाशा कुणी भिंतीवरून उतरवला नव्हता.

टेबलावर राखाडी रबराचं एक कडं ठेवलं होतं. त्याला पडदा नव्हता, बटण नव्हतं, साधा दिवासुद्धा नव्हता. डॉ. यशोधर लांजेवार चष्मा कपाळावर सरकवून त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. विद्यापीठात आयुष्यभर त्यांनी संख्याशास्त्र शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतर ते या छोट्या संस्थेला सल्ला द्यायला येत असत.

"हे करतं काय?" त्यांनी विचारलं.

"टिचकी मारतं, सर," केतकी उमाठे म्हणाली. "कुठल्याही थांब्यावर जाऊन उभं राहायचं. आपली गाडी आली की मनगटावर दोन टिचक्या बसतात. चढायचं. उतरायचं ठिकाण आलं की एकच टिचकी, लांब. उतरायचं. झालं."

"आणि मी चाललोय कुठे?"

"ते तुम्हाला माहीत नसतं. म्हणून तर जायचं."

कड्याची कल्पना केतकीचीच. ती मूळची वणीची. लग्न फार काळ टिकलं नाही, आणि ते मोडल्यावर ती नोकरीसाठी नागपुरात येऊन मनीषनगरच्या एका फ्लॅटमध्ये राहू लागली. रविवार तिला जात नसे. मग ती खाली उतरून येईल त्या बसमध्ये बसू लागली. पारडी, वाडी, जरीपटका, कुठेही. हळूहळू तिच्या एक गोष्ट लक्षात आली. आपल्या गल्लीत आपण एकटे असलो की ते डाचतं. परक्या वस्तीत मात्र एकटं असण्यात काही विशेष नसतं, कारण तिथे आलेला प्रत्येक परका एकटाच असतो. अनोळखी रस्त्यावर तिला मोकळा श्वास घेता येई. हे इतरांनाही मिळावं, असं तिला वाटलं. त्यातूनच वाटकडं जन्माला आलं.

"अडचण एवढीच आहे," इलेक्ट्रॉनिक्सचं काम बघणारी रुक्साना शेख म्हणाली. तिने समोरची वायर बाजूला सारली. "पन्नास जणांना कडी दिली, तर पन्नासही एकाच झकास ठिकाणी जाऊन पोचतात. मग ते ठिकाण झकास राहत नाही. तिथे जत्रा भरते."

"आणि कोण कुठे गेलं याची नोंद कुठेही राहता कामा नये," केतकीने जोडलं. "आपल्याकडेसुद्धा नाही. माणूस भटकायला निघाला आणि त्याच्या मागे कुणीतरी डोळा लावून बसलंय, हे मला चालणार नाही."

लांजेवारांनी कडं उचलून मनगटात घातलं. हात फिरवून बघितला.

"मग मध्यवर्ती संगणक नकोच," ते म्हणाले. "प्रत्येक थांब्यावर एक खांब असतो ना, त्यालाच कामाला लावू. कडं खांबाजवळ आलं की एवढंच म्हणेल, इथे एक आहे. कोण आहे ते सांगणार नाही. खांब ते शेजारच्या खांबाच्या कानात सांगेल, तो पुढच्याच्या. गावात बातमी पसरते तशी. आपण त्याला कुजबुज-जाळं म्हणू. थोड्या वेळात शहरातल्या प्रत्येक खांबाला कळेल की कुठल्या भागात किती कडी आहेत. हा त्या भागाचा वस्तीभार. एखाद्या थांब्यावर माणसं जमली की त्याच्या आजूबाजूच्या थांब्यांवरही त्याचा थोडा भार येणार."

"आणि कडं ठरवणार कसं?"

"दोन गोष्टी बघून. जागा आपल्या मालकाने अजून पाहिलेली नसावी, आणि तिचा वस्तीभार सगळ्यांत कमी असावा. पाहिलेल्या जागा कड्याने स्वतःपाशीच ठेवाव्यात. बाहेर काहीच जायचं नाही. पाणी उतार शोधतं, तसं कडं विरळ जागा शोधेल. याला विरळनियम म्हणा हवं तर."

"आणि ज्याने कडं घातलेलंच नाही, तो माणूस?" रुक्सानाने विचारलं.

"तो खांबाला दिसतच नाही. खांबाच्या हिशेबी तो माणूस तिथे नाही."

तिघंही हसली. नियम इतका साधा होता की आठवड्याभरातच तो कड्यात बसला, आणि लांजेवारांच्या मनगटावरचं ते पहिलं कडं तिथेच राहिलं.

वाटकडं बाजारात आलं आणि कुणाला वाटलं नव्हतं इतकं चाललं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत शहरात काही हजार लोक ते घालून हिंडू लागले. तक्रारीही आल्या. त्यांतली एक रुक्सानाने सगळ्यांना वाचून दाखवली. एका नवपरिणीत जोडप्याने दोन कडी घेतली होती. सीताबर्डीच्या थांब्यावर दोघं हातात हात घालून उभी राहिली. नवऱ्याला हिंगण्याच्या बसपाशी टिचक्या बसल्या, बायकोला कामठीच्या. त्यांना वाटलं, यंत्र बिघडलंय. दुसऱ्या रविवारीही तेच झालं, तिसऱ्याही.

"बिघडलेलं नाही," लांजेवार म्हणाले. "त्यांना कळवा, दोघांत मिळून एकच कडं घाला. दोन कडी एकमेकांना टाळणारच. नियमच तो आहे."

केतकीच्या मात्र वेगळंच काही लक्षात येत गेलं. दोन कडी घेणारी ही जोडी सोडली, तर बाकी सगळे एकेकच कडं घेत होते. ज्यांच्यासोबत हिंडायला कुणी होतं त्यांना कड्याची गरज नव्हती. ज्यांना गरज होती, ती सगळी एकटी माणसं होती. आणि विरळनियमामुळे ती एकमेकांना कधीच भेटत नव्हती. केतकी स्वतः दर रविवारी कडं घालून हिंडायची. हिंडताना दुसऱ्या कुणाच्या मनगटावर तिने ते कधी पाहिलं नव्हतं. सुरुवातीला याचंच तिला समाधान वाटलं होतं. आपण केलेली वस्तू चोख चालते, याचा पुरावा म्हणून.

त्याच सुमाराला लांजेवार विसरू लागले. आधी शब्द, मग वार, मग माणसं. त्यांची पत्नी गेलेली होती. मुलगी संघमित्रा कॅनडात हॅलिफॅक्सला प्राध्यापक होती. तिने खूप विनवलं तरी ते तिकडे जायला तयार झाले नाहीत. त्यांनी प्रयोगशाळेत येणं थांबवलं. केतकी अधूनमधून त्यांच्या नंदनवनच्या घरी जाई. एकदा त्यांनी तिला चहा दिला आणि कप तिच्या हातात असतानाच विचारलं, "तुम्ही संघमित्राच्या मैत्रीण का?"

"मी केतकी, सर."

"हो, हो. केतकी." ते हसले, पण ते हसणं तिला नव्हतं, एका नावाला होतं. मग कड्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "हे फार चांगलं आहे. काही लक्षात ठेवावं लागत नाही. टिचकी बसली की चढायचं, बसली की उतरायचं. संध्याकाळी हेच घरी आणून सोडतं."

ते खरं होतं. दिवस मावळताना घराची वाट दाखवायची, ही सोय केतकीनेच घातली होती. म्हणून संघमित्रानेही कड्याला हरकत घेतली नव्हती. घरात बसून राहण्यापेक्षा बाबा हिंडतात तेच बरं, असं तिचं म्हणणं होतं.

वैशाखातला तो दिवस शनिवार होता. सकाळपासूनच उन्हाने रस्ते ओस पडले होते. सरकारने दुपारी बाहेर पडू नका म्हणून इशारा दिला होता. केतकी आणि रुक्साना प्रयोगशाळेत कूलरसमोर बसून काम करत होत्या. तेवढ्यात संघमित्राचा फोन आला. तिकडे रात्र होती.

"केतकीताई, बाबा घरी नाहीत. शेजारच्या काकूंनी सकाळी त्यांना जाताना बघितलं. फोन चार्जिंगलाच आहे. पाण्याची बाटली दारातल्या स्टुलावर राहिलीय. त्यांच्याकडच्या किल्लीने दार उघडून त्या आत गेल्या. रक्तदाबाची गोळीही घेतलेली नाही."

"आणि कडं?"

"कडं नाहीये. म्हणजे घालूनच गेलेत. ताई, ते तुम्हीच बनवलंय. ते कुठे आहेत ते सांगा ना मला."

कड्यात तशी नोंद नसते, पण आम्ही लगेच शोधायला लागतो, असं केतकीने सांगितलं. फोन ठेवल्यावर ती रुक्सानाकडे वळली. रुक्साना ऐकतच होती.

पोलिसांत तक्रार झाली. पण चौकातल्या कॅमेऱ्यांत आता नव्या कायद्याप्रमाणे चेहरे पुसलेलेच उमटत. ते उघडायचे तर न्यायालयाची परवानगी हवी, आणि ती सोमवारशिवाय मिळणार नव्हती. बसमधून घोषणा करायलाही कुणाची तरी सही लागणार होती, आणि तो माणूस फोन उचलत नव्हता. कडं संध्याकाळी त्यांना घरी आणेल, हे खरं. पण सत्तरी उलटलेला, पाणी सोबत नसलेला, तहान लागल्याचंही ज्याच्या लक्षात राहील की नाही कोण जाणे, असा माणूस संध्याकाळपर्यंत त्या उन्हात तग धरेल का, हा प्रश्न होता.

"एखाद्या खांबाला आपलं यंत्र जोडू," रुक्साना म्हणाली. "वस्तीभाराचे आकडे तर मिळतील."

"आकडे मिळतील, माणूस मिळणार नाही. ते आकड्यांतले कुठले?"

"मग सगळ्यांना कडी काढून ठेवायला सांगू. जो उरेल तो सर."

केतकीने मान हलवली. "निरोप सगळ्यांपर्यंत पोचणार नाही. बरेच उरतील. शिवाय सर गाडीत असताना खांबाला दिसणार नाहीत. उतरले की दिसतील, पण आपण तिथे पोचेपर्यंत पुढच्या गाडीत बसलेले असतील. पाठलाग करून ते सापडायचे नाहीत, रुक्साना. त्यात मी कडं घालून गेले, तर त्यांचं कडं त्यांना माझ्यापासून लांबच नेईल."

हे बोलता बोलता ती थबकली.

"काय झालं?"

"लांबच नेईल," केतकी पुन्हा म्हणाली. उठून ती भिंतीवरच्या नकाशासमोर गेली. तिथे उभं राहण्याची वेळ तिच्यावर कितीतरी दिवसांनी आली होती. "सर आता टिचकीशिवाय दुसरं काही ऐकत नाहीत. कडं नेईल तिथे जातात. आणि कडं नेतं विरळ जागेकडे. मग सगळं शहर भरून टाकलं तर? प्रत्येक भागात कडीवाली माणसं उभी राहिली, आणि एकच जागा आपण रिकामी ठेवली तर?"

रुक्सानाही उठून नकाशापाशी आली. "तर कडं त्यांना तिथेच आणेल. दुसरं कुठे नेणारच नाही."

"आणि तिथे मी थांबेन. कडं न घालता."

जागा अशी हवी होती की जी लांजेवारांनी पाहिलेलीच नसेल. नकाशाच्या दक्षिणेच्या टोकाला गेल्याच महिन्यात सुरू झालेला एक थांबा होता, चिंचघाट. तलावाकाठी, एकाच रस्त्याच्या शेवटी. त्यांचं फिरणं हल्ली गावातल्या गावातच असे, हे त्यांच्या मोघम बोलण्यावरून तिला माहीत होतं. चिंचघाटला मोठी झाडं होती, सावली होती.

कडं विकत घेणाऱ्यांची नावं संस्थेने ठेवलीच नव्हती. तेव्हा उपाय एकच. केतकीने आपल्या माहितीतल्या कडीवाल्यांना फोन लावले, रुक्सानाने आपल्या. प्रत्येकाला एकच निरोप दिला: कडं घालून जवळच्या थांब्यावर जा, सावलीत उभे राहा, टिचक्या बसल्या तरी गाडीत चढू नका, चिंचघाटच्या रस्त्याकडे फिरकू नका, आणि कडं वापरणारं आणखी कुणी ओळखीचं असेल तर त्यालाही सांगा. सोबत लांजेवारांचा फोटो पाठवला.

लोक येतील की नाही, अशी तिला धाकधूक होती. इतक्या उन्हात, एका अनोळखी म्हाताऱ्यासाठी. पण निरोप पसरत गेला. कार्यालयांच्या, सोसायट्यांच्या, भजनी मंडळांच्या गटांतून तो फिरला. रुक्सानाने धंतोलीच्या खांबाला यंत्र जोडलं आणि ती वस्तीभार वाचू लागली. "इतवारीला भरलं. सदर भरलं. गोधनी रोडला लोक निघालेत," ती फोनवर सांगत होती, तेव्हा केतकी रिक्षाने चिंचघाटच्या वाटेवर होती. गरम वारा तोंडावर फुफाट्यासारखा येत होता. वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर, झाडाच्या किंवा दुकानाच्या आडोशाला एकेक जण उभा होता. कुणी डोक्याला दुपट्टा बांधलेला, कुणी मुलाची शाळेची बाटली घेऊन आलेला. कुणीच कुणाशी बोलत नव्हतं. मधल्या एका वळणानंतर थांबे रिकामे दिसू लागले. त्या रस्त्यावर पुढे कुणी नव्हतं.

चिंचघाटला ती उतरली तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं. तलाव आटून मध्यावर गेला होता. थांब्याशेजारी कुणी दानशूराने ठेवलेला पाण्याचा रांजण होता, त्यावर ओलं फडकं होतं. चहाची टपरी बंद होती. तिने आपल्या मनगटाकडे पाहिलं. कडं ती प्रयोगशाळेत ठेवून आली होती. त्या जागी कातडीचा एक फिकट पट्टा उरला होता. खांबाच्या हिशेबी ती तिथे नव्हतीच. तिला वाटलं, हा निरोप आपल्याऐवजी दुसऱ्या कुणी धाडला असता, तर तो आपल्यापर्यंत कुणी पोचवला असता? रुक्सानाने, कदाचित. तेही सोमवारी, ऑफिसात भेटल्यावर.

फोन वाजला. "सक्करदऱ्यातून एका बाईचा फोन आला," रुक्साना घाईघाईने म्हणाली. "तिला सर दिसले. तिच्या समोरून गेलेल्या बसमध्ये, खिडकीशी. हाका मारल्या, पण बस थांबली नाही. केतकी, ती बस दक्षिणेकडेच चाललीय, पण चिंचघाटपर्यंत येत नाही. मध्ये त्यांना गाडी बदलावी लागेल."

"कसे दिसत होते?"

"डोकं खिडकीला टेकलं होतं, एवढंच म्हणाली ती."

पहिली बस आली, तिच्यातून कुणी उतरलं नाही. वळून ती निघून गेली. बऱ्याच वेळाने दुसरी आली. दार उघडलं आणि एक बाई उतरल्या. साठीच्या आसपास, काळी छत्री, पायात कापडी बूट. उतरताना त्यांनी मनगटाकडे बघितलं. तिथे राखाडी कडं होतं.

केतकी उठून पुढे गेली. "काकू, तुम्हाला निरोप मिळाला नाही का? आज इकडे यायचं नव्हतं."

"कोनाचा निरोप?"

"कडं वापरणाऱ्या सगळ्यांना फोन गेलेत. तुम्हाला कुणी फोन केला नाही?"

बाईंनी छत्री मिटली. तिच्याकडे जरा नवलाने पाहत त्या म्हणाल्या, "मले कोन फोन करते, बाई?"

त्यांचं नाव प्रमिला शेंडे होतं. एका शाळेतून त्या निवृत्त झाल्या होत्या. रांजणातलं पाणी पिऊन त्या झाडाखालच्या कट्ट्यावर बसल्या. केतकी परत जागेवर येते न येते तोच तिसरी बस आली. तिच्यातून तिघं उतरले. गोदामाच्या गणवेशातला एक तरुण, रात्रपाळी करून आलेली एक परिचारिका, आणि गळ्यात दुर्बीण अडकवलेले एक गृहस्थ. तिघांच्याही मनगटावर कडं होतं. तिघं एकाच बसमधून आले होते, पण एकमेकांपासून लांब बसून आले असावेत, कारण उतरल्यावरच त्यांनी एकमेकांच्या हाताकडे पाहिलं.

"दुसऱ्याच्या हातात हे मी आजच बघतोय," तो तरुण म्हणाला. आणि त्याने स्वतःचं कडं मनगटावर उगाच फिरवलं.

केतकीच्या मग ध्यानात आलं. हे व्हायलाच हवं होतं. तिने आधीच ओळखायला हवं होतं. निरोप माणसाकडून माणसाकडे गेला होता. ज्याला सांगायला कुणी होतं, तो आपापल्या थांब्यावर जाऊन उभा राहिला. ज्याला सांगायला कुणीच नव्हतं, तो रोजच्यासारखा कड्याच्या टिचकीवर विसंबून बाहेर पडला. आणि साऱ्या शहरात एकच जागा विरळ उरली होती. इथे चार माणसं जमली, तरी बाकीच्या भागांपुढे ही जागा रिकामीच होती. म्हणजे अजून येणार होते. निरोप न पोचलेले सगळेच्या सगळे.

ते आले. प्रत्येक बसमधून एक, दोन, चार. एक जण मराठीही नीट न येणारा, नोकरीसाठी दूरवरून आलेला. एक बाई हातात अर्धवट विणलेलं काहीतरी घेऊन. झाडांच्या सावलीत ते अंतर राखून बसले होते, अवघडलेले. नंतर रांजणाशी पेला एकच असल्यामुळे एकाने दुसऱ्याला तो द्यावा लागला, आणि बोलणं सुरू झालं. दुर्बीणवाल्या गृहस्थांनी तलावावरचा कुठलासा पक्षी परिचारिकेला दाखवला. गोदामातल्या तरुणाने शेंडेबाईंना विचारलं, "तुम्ही गोरेवाडा पाहिला का?" त्या म्हणाल्या, "पाहिला की. पावसाळ्यात." आणि मग कुणी कुठे कुठे गेलं होतं ते सगळे सांगू लागले. सगळ्यांनी तेच शहर पाहिलं होतं, वेगवेगळ्या दिवशी, एकेकट्याने.

लांजेवार आले ते बसचं दार उघडल्यावर पायरीवरच थांबले. चेहरा लाल झाला होता, ओठ कोरडे पडले होते. मनगटावरची लांब टिचकी बसलेली असणार, पण पाय उचलत नव्हते. केतकी धावत गेली. त्या तरुणाने दुसऱ्या बाजूने त्यांना धरलं. कट्ट्यावर आणून निजवलं. परिचारिकेने कुणाला काही न विचारता त्यांची नाडी पाहिली, रांजणावरचं ओलं फडकं काढून मानेवर, काखेत ठेवलं, आणि घोट घोट पाणी पाजायला सुरुवात केली. शेंडेबाई छत्रीने वारा घालत राहिल्या.

काही वेळाने त्यांनी डोळे उघडले. सभोवार बघितलं. एवढे चेहरे आपल्यावर वाकलेले पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"सर," केतकी म्हणाली.

त्यांनी तिला ओळखलं नाही. "आपण कोण?" त्यांनी अदबीने विचारलं. मग त्या सगळ्यांच्या मनगटांवरची कडी त्यांच्या नजरेला पडली, आणि कितीतरी महिन्यांत केतकीने न पाहिलेली एक चमक त्यांच्या डोळ्यांत आली. "इथे इतकी कडी? असं होता कामा नये. वस्तीभार चुकतोय."

"चुकत नाहीये, सर. नियम बरोबर आहे. बाकी सगळं शहर भरलंय."

ते विचार करत राहिले. ओठ हलत होते. "म्हणजे ही सगळ्यांत विरळ जागा," ते शेवटी म्हणाले. "बरोबर. बरोबर आहे." एवढं बोलून त्यांनी समाधानाने डोळे मिटले. परिचारिकेने मान डोलावून केतकीला सांगितलं, धोका टळलाय, पण दवाखान्यात न्यायला हवं.

केतकीने आधी संघमित्राला कळवलं. पलीकडे बराच वेळ नुसतं रडणं ऐकू आलं. मग तिने रुक्सानाला फोन केला.

"मिळाले! रुग्णवाहिका लगेच पाठवते," रुक्साना ओरडली. "आता लोकांना घरी जायला सांगू ना? उन्हात उभे आहेत बिचारे."

केतकीने झाडांकडे पाहिलं. विणकाम करणारी बाई त्या परप्रांतीय मुलाला काहीतरी समजावत होती. दुर्बीण हातोहात फिरत होती. लोक घरी जाऊन कडी काढून ठेवतील, शहराचा वस्तीभार उतरेल, आणि मग साऱ्या शहरात सगळ्यांत दाट जागा हीच उरेल. पुढे काय होणार, ते तिला आकड्यांशिवायही कळत होतं.

"केतकी? सांगू ना?"

"सांग," ती म्हणाली. तिकडे हजारो लोक तिच्या शब्दाखातर तापत उभे होते. दुसरं काही म्हणणं शक्यच नव्हतं.

रुग्णवाहिका येऊन लांजेवारांना आत घेईपर्यंत बदल सुरू झाला होता. एक बस वळून थांब्याला लागली. दुर्बीणवाल्यांचा हात किंचित दचकला. परिचारिकेचाही. सवयीने दोघं उठली, दुर्बीण परत घेतली गेली, बोलणं अर्ध्यावर राहिलं. "येतो," गृहस्थ म्हणाले, पण कुणाला म्हणाले ते त्यांनाही ठरवता आलं नाही. पुढच्या बसला आणखी काही जण गेले. कुणी कुणाचं नाव विचारलं नव्हतं. एकदोघांनी वळून पाहिलं.

शेंडेबाई शेवटी राहिल्या होत्या. बस आली, त्यांच्या मनगटावर टिचक्या बसल्या असाव्यात, कारण त्यांनी छत्री उचलली. पण पायरीपाशी जाऊन त्या परत रुग्णवाहिकेजवळ उभ्या असलेल्या केतकीकडे आल्या.

"बाई, पुढच्या शनवारी हे मले इथं आनन का?" कड्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं.

केतकीला खोटं बोलता आलं नाही. "नाही आणणार, काकू. पाहिलेल्या जागी ते पुन्हा नेत नाही. तुमचं तुम्हालाच यावं लागेल."

"पन मले तर मी कोनत्या बसनं आली तेही ठावं नाही. मी कधी पाटी पाहतच नाही न."

चालकाने भोंगा वाजवला. केतकीने बसच्या कपाळावरची पाटी वाचून त्यांना नंबर सांगितला, कुठून सुटते ते सांगितलं, आणि शनिवारी आपणही येऊ, असंही ती बोलून गेली.

शेंडेबाई बसमध्ये चढल्या. खिडकीशी बसल्या. गाडी वळण घेऊन दिसेनाशी होईपर्यंत त्यांचे ओठ हलताना दिसत होते. त्या नंबर पाठ करत होत्या.